बारा जणी, चार वाट्या आणि मी निवडलेली चाचणी

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, मुलीलाही नाही. आणि जिचा याच्याशी सगळ्यात जास्त संबंध आहे तिला तर – तिला मी याच्या उलट सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. पहिलं वाक्य लिहून मी उठले, गॅसवरचं दूध बघून आले, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या आणि मग परत बसले.

नागपूरच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. आमच्याकडे कुणाच्याही प्रबंधात आकडे आले की तो प्रबंध माझ्या टेबलावर यायचा – वनस्पतिशास्त्रवाले, मानसशास्त्रवाले, गृहविज्ञानवाले, सगळे. 'मॅडमना दाखवलं का?' एवढंच विचारायचे. मी मान हलवली की विषय संपायचा. मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते तेव्हा कळलं नव्हतं.

प्रज्ञा गृहविज्ञान विभागात पीएचडी करत होती. रोज कामठीहून यायची – आधी शेअर ऑटो, मग बस, मग उरलेलं पायी. तिची आई तिथल्याच एका शाळेत गणिताची शिक्षिका होती. प्रज्ञाचे मार्गदर्शक आजारी पडून लांबच्या रजेवर गेले आणि आकडेवारी माझ्याच अखत्यारीतली म्हणून सहमार्गदर्शक म्हणून माझं नाव लागलं. म्हणजे जाता जाता सल्ला देणारी बाई मी नव्हते. तिच्या कामावर माझी सही होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मलाच पळवाट सापडेल.

तिचा विषय होता भिवापूरची मिरची. मिरची चार तऱ्हांनी वाळवायची – जमिनीवर उन्हात, ताडपत्रीवर उन्हात, सावलीत जाळीखाली, आणि यंत्रात गरम हवेवर. चवीत फरक पडतो का, हा प्रश्न. तो प्रज्ञाला पुस्तकात सापडलेला नव्हता. भिवापूरचा एक महिला बचत गट वर्षानुवर्षं सावलीत मिरची वाळवायचा. त्यात दिवस फार जातात. यंत्र घ्या, चव तीच राहते, असं सांगणारे लोक त्यांच्याकडे येऊन गेले होते. त्या बायांना जाणून घ्यायचं होतं – आपली पद्धत खरंच चांगली, की आपल्यालाच उगाच तसं वाटतं? प्रज्ञानं त्यांना शब्द दिला होता, मी शोधून सांगते.

तिनं काम फार नीट केलं. बारा जणी बसवल्या. एकाच पातेल्यातलं पातळ वरण चार वाट्यांत काढलं, प्रत्येक वाटीत एकेका मिरचीचं तेवढंच तिखट. वाट्यांवर फक्त आकडे. दोन वाट्यांच्या मध्ये कोरडा भात, ताक आणि थोडा वेळ थांबणं. प्रत्येकीनं प्रत्येक वाटीला नऊपैकी गुण द्यायचे. मला तिनं मोबाइलवर फोटो दाखवला होता – ओळीत बसलेल्या बाया, परीक्षेला बसल्यासारखे गंभीर चेहरे.

आता थोडं शिकवते, सवय जात नाही. असे गुण म्हणजे काही तराजूतलं वजन नव्हे. सात गुणांची चव साडेतीनच्या बरोब्बर दुप्पट असते असं कुणी म्हणू शकत नाही. त्यातून फक्त कमी-जास्त कळतं. म्हणून आपण गुणांचे क्रम लावतो – पहिला, दुसरा, तिसरा – आणि क्रमांवर चाचणी करतो. नमुने दोनाहून जास्त असले तर दोन नेहमीच्या चाचण्या आहेत. प्रत्येक वाटी वेगवेगळ्या माणसांनी चाखली असेल, तर सगळ्यांचे सगळे गुण एकाच रांगेत उभे करून क्रम लावायचे – ती क्रुस्कल-वॉलिस. आणि त्याच माणसांनी सगळ्या वाट्या चाखल्या असतील, तर क्रम प्रत्येक माणसापुरता लावायचा, त्याचा त्याच्याशीच – ती फ्रीडमन. कुठली घ्यायची हे ठरवायला एकच प्रश्न विचारावा लागतो. माणसं वेगळी होती, की तीच? बस. दरवर्षी मी हा प्रश्न पोरांकडून घोकून घ्यायचे.

प्रज्ञानं आकडे आणले त्या दिवशी माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी कागदावर नजर टाकली. चार रकाने, प्रत्येकाखाली बारा गुण. कुणी चाखलं हे मी विचारलं नाही. चाखणाऱ्या जणींची यादी तिच्या हातातच होती, नावानिशी. मी म्हटलं, क्रुस्कल-वॉलिस लाव. तिनं लावली. उत्तर आलं – चार पद्धतींत फरक दिसत नाही.

इथपर्यंत ती चूक आहे. चुका होतात, त्यासाठी कुणी असं लिहायला बसत नाही.

आठ-दहा दिवसांनी ती परत आली. मधे भिवापूरला जाऊन त्या बायांना निकाल सांगून आली होती. स्टाफरूममध्ये आणखी दोघं प्राध्यापक बसले होते. ती माझ्या खुर्चीजवळ उभी राहिली आणि हसत हसतच म्हणाली, "मॅडम, तिथली एक बाई मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणे, आमच्या जिभेले फरक समजते, तुमच्या कागदाले काहून नाई समजत वं?"

मीही हसले. मग तिनं हळूच विचारलं, "मॅडम, चारही वाट्या त्याच बारा जणींनी चाखल्या नं. मग टेस्ट वेगळी नाही का लागत?"

तिनं विचारलं होतं. अगदी नेमकं विचारलं होतं. तो एकच प्रश्न.

मला त्या क्षणी कळलं होतं का? हे मी स्वतःला कितीदा तरी विचारलं आहे. स्पष्ट कळलं होतं असं म्हणवत नाही. पण काहीतरी खुपलं. दातात अडकल्यासारखं. आणि ते दोघं ऐकत होते. मी गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका ओढली आणि म्हटलं, "काही फरक पडत नाही. आणि प्रज्ञा, जिभेनं चाचणी करत नसतात." ते दोघं मोठ्यानं हसले. तीही हसली. फाइल मिटून गेली.

प्रबंध सादर झाला. मौखिक परीक्षेची तारीख लागली. बाहेरून येणारे परीक्षक माझ्याच वेळचे, एमएस्सीला एका वर्गात होतो आम्ही. तेव्हा पहिला नंबर त्यांचा आला होता, दुसरा माझा.

परीक्षेच्या अकरा दिवस आधी मी वर्गात हाच धडा घेत होते. फळ्यावर उदाहरण लिहिलं – पाच परीक्षक, तीन लाडू. आणि मुलांना विचारलं, "आधी काय बघाल? माणसं वेगळी, की तीच?" मुलं एका सुरात म्हणाली, "तीच!" माझा हात फळ्यावर तसाच राहिला. पाठमोरी होते, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. उदाहरण पूर्ण केलं. तास संपवला.

दुपारी ग्रंथालयात जाऊन बसले. प्रबंधाची प्रत काढली, परिशिष्टातले गुण घेतले आणि हातानं क्रम लावले, एकेका बाईचे वेगळे. पहिल्या चार-पाच ओळींतच दिसायला लागलं. एक बाई कशालाच आठच्या खाली गुण देत नव्हती. दुसरी कशालाच चारच्या वर जात नव्हती. स्वभाव असतो एकेकीचा. सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की एकीचं उदार आणि दुसरीचं हात आखडून दिलेलं, याचीच सरमिसळ होते आणि वाट्यांमधला फरक त्यात बुडून जातो. पण प्रत्येकीचा क्रम तिच्यापुरता लावला तर? उदार बाईनंही सावलीतल्या मिरचीला वर ठेवलं होतं. कंजूष बाईनंही. बारांतल्या जवळजवळ सगळ्यांनी. फ्रीडमननं फरक स्वच्छ दाखवला. ती भिवापूरची बाई खरं बोलत होती आणि माझा कागद खोटं.

माझ्याकडे अकरा दिवस होते. प्रज्ञाला फोन करायला दोन मिनिटं पुरली असती. दुरुस्तीचं एक पान जोडता आलं असतं. परीक्षेच्या सुरुवातीलाच 'माझ्याकडून चाचणी चुकली, हे सुधारित उत्तर' असं मी म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. वर्गमित्र थोडा हसला असता. एखादा विनोद केला असता, जेवताना पुन्हा केला असता. एवढंच. त्या एवढ्याशासाठी मी फोन केला नाही.

मी स्वतःला सांगत राहिले की कदाचित ते विचारणारच नाहीत. चवीच्या प्रबंधात चाचणीकडे कोण बघतं?

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रज्ञा व्हरांड्यात भेटली. म्हणाली, "मॅडम, अजून काही वाचून येऊ का? काही राहिलं असंन तर सांगा." मी तिच्याकडे बघितलं. म्हटलं, "काही राहिलं नाही. जेव नीट आणि स्वस्थ झोप." ती किती खूश झाली!

परीक्षेला ती आकाशी रंगाची सुती साडी नेसून आली होती. मागच्या रांगेत तिची आई बसली होती, शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून. चाळीस मिनिटं सगळं उत्तम चाललं. मग परीक्षकांनी पान उलटलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "त्याच बारा जणींनी चारही नमुने चाखले नं? मग क्रुस्कल-वॉलिस कशी?"

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. पटकन नाही. सावकाश मान वळवून, अगदी विश्वासानं – रस्ता ओलांडताना घरचं माणूस शेजारी आहे ना, एवढं बघावं तसं. मी टेबलावरची पेन्सिल उचलली.

"चाचणी निवडली कुणी?" त्यांनी विचारलं. तिच्याकडे बघून विचारलं, पण प्रश्न आम्हा दोघींना होता.

ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती. आणि मी बोलले. मी म्हणाले, "दोन्ही चाचण्या मी तिला समजावून दिल्या होत्या. निवड तिची आहे."

हे ते वाक्य. इतकी वर्षं हे मी कुठे लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर केवढंसं दिसतं.

ती म्हणू शकली असती – नाही सर, मी विचारलं होतं, मॅडम म्हणाल्या फरक पडत नाही. साक्षीदार होते, दोघं होते. त्यातले एक तर त्याच खोलीत, तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. तेही काही बोलले नाहीत. आठवलं नसेल, किंवा आठवलं असेल. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती ती प्रबंधाकडे बघायला लागली. म्हणाली, "हो सर. माझ्याकडून चूक झाली."

प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवला गेला. पुन्हा विश्लेषण, पुन्हा निष्कर्षाचं प्रकरण, पुन्हा सगळी प्रक्रिया.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये चहा होता. कुणीतरी म्हणालं, "अशा मुलींना ॲडमिशन मिळते, गणित थोडंच मिळते?" 'अशा' म्हणजे कशा, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. प्रज्ञाच्या आजोबांनी छप्पन साली इथेच, नागपुरात, दीक्षा घेतली होती आणि तिचं आडनाव ऐकलं की ते कुणालाही कळायचं. गणित कुणाचं चुकलं हे खोलीत निदान एकीला तरी नक्की माहीत होतं. ती एक मी. मी चहात साखर घातली आणि ढवळत बसले. साखर केव्हाच विरघळली होती.

तुम्हाला वाटेल, मी काही तसं मानत नव्हते. खरंच मानत नव्हते. पण माझं खोटं इतकं सहज खपलं ते कशाच्या जोरावर? माझ्या आडनावाच्या मुलीबद्दल मी तेच म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, "अहो, पण तुम्ही तपासलं नाही का?" तिच्याबद्दल कुणीच विचारलं नाही. बोलण्याआधी मला ते ठाऊक होतं का? होतं. हिशेब करून नव्हे, पण होतं.

चार दिवसांनी तिची आई मला भेटायला आली. विभागात नाही, घरी. एकटीच. बसायला सांगितलं तरी खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "मॅडम, मी बावीस वर्षं गणित शिकवून राहिली. माझ्या पोरीकडून एवढी साधी चूक कशी झाली, मला समजत नाही. तिले विचारलं तर बोलत नाही. तुमच्याकडून काही समजलं तर..."

तिला संशय होता का? की खरंच विचारायला आली होती? मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, "होतं असं. दडपण असतं मुलांवर." ती म्हणाली, "हो, असंन." पाण्याचा पेला अर्धा ठेवून उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "मीच तिला जास्त बोलली मग. दोन दिवस बोललीच मी तिला." मी दार लावून घेतलं.

यानंतर तरी मी थांबायला हवं होतं नं? थांबले नाही. दुरुस्त प्रबंध घेऊन प्रज्ञा माझ्याकडे आली. फ्रीडमन तिनं हातानं करून आणली होती, पायरी न पायरी, एकही चूक नाही. निष्कर्ष बदलला होता. पण आधीची चाचणी का बदलली याबद्दल एक ओळ लिहावी लागणार होती. तिनं ती जागा कोरी ठेवली होती. मला म्हणाली, "इथे काय लिहू, मॅडम?"

ती मला संधी देत होती. दुसरी संधी. एकांतात, कुणी ऐकायला नसताना. मी सांगितलं, लिही – 'पूर्वीच्या विश्लेषणात संशोधिकेकडून चाचणीच्या निवडीत त्रुटी राहिली होती.' तिनं लिहून घेतलं. 'संशोधिकेकडून' या शब्दापाशी पेन थांबलं नाही की काही नाही. मग मी सही केली. तो प्रबंध आजही त्या ग्रंथालयात आहे, कुणालाही काढून बघता येईल.

या सगळ्यात सात-आठ महिने गेले. अमरावतीकडच्या एका कॉलेजात तिची निवड झाली होती, रुजू होईपर्यंत पदवी हातात हवी होती. ती वेळेत मिळाली नाही. ती जागा दुसऱ्याला गेली. पुढची पाच-सहा वर्षं तिनं तासिका तत्त्वावर काढली, आज या कॉलेजात, उद्या त्या. आणि भिवापूरला ती खरा निकाल घेऊन गेली तेव्हा त्या गटानं सावलीच्या जाळ्या काढून टाकल्या होत्या. पहिल्या निकालावर विश्वास ठेवला त्यांनी. कागदावर लिहिलं होतं नं.

त्यानंतर ती मला भेटली नाही. मी निवृत्त झाले. निरोप समारंभात एक जण म्हणाले, मॅडमच्या हाताखालून चुकीचा आकडा कधी गेला नाही. मी शाल घेतली, नारळ घेतला, हात जोडले.

या हिवाळ्यात आमच्याकडे शिक्षकांसाठी एक कार्यशाळा होती. जुनी माणसं म्हणून आम्हा चार-पाच जणांना बोलावलं होतं. पत्रिकेवर वक्त्यांत तिचं नाव बघितलं. एका सरकारी कॉलेजात आता ती कायम आहे, विभागप्रमुख आहे. जाऊ नये असं वाटलं. गेले. तिनं चव मोजण्यावर तासभर भाषण केलं, फार छान केलं. माणसं तीच की वेगळी, हे तिनं अगदी सुरुवातीलाच सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

जेवणाच्या वेळी ती स्वतःहून माझ्या टेबलाशी आली. वाकून नमस्कार केला. शेजारी बसली. आईबद्दल विचारलं तर म्हणाली, गेली दोन वर्षांपूर्वी. मग तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू? राग नका मानू. व्हायवाच्या आधी तुम्हाला समजलं होतं का? टेस्ट चुकली म्हणून?"

आवाजात काही नव्हतं. ना राग, ना रडू. तिला फक्त उत्तर पाहिजे होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं – ना पद, ना नाव, ना कुठला वर्गमित्र. माझं वय अडुसष्ट आहे.

मी म्हटलं, "नाही गं. तिथे त्यांनी विचारलं तेव्हाच कळलं. गोंधळून गेले मी."

तिनं मोठा श्वास सोडला. चेहरा एकदम मोकळा झाला. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मला उगाच वाटून राहिलं होतं, तुम्हाला माहीत होतं म्हणून. एवढी वर्षं मनात धरून बसली मी. आईजवळही बोलली होती तसं, शेवटी शेवटी. माफ करा मॅडम."

मी तिच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, "असू दे गं."